हाडांच्या गाठी असलेल्या मुलांच्या डोक्याकडेही लक्ष द्या: ऑलियर, मफुची आणि मेंदूतली गाठ

राजेंद्रनगरची_आई, इंदूर · १२ जून

सहा-सात वर्षं इथे नुसती वाचते आहे, लिहायला आज बसले. लांबलचक होणार आहे, पण ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावं अशी कळकळीची विनंती.

माझ्या लेकीला ऑलियर डिसीज आहे. हाडांच्या आत कूर्चेच्या गाठी होतात, एक-दोन नाही, अनेक, आणि बहुतेकदा शरीराच्या एकाच बाजूला जास्त. लाखात एखाद्याला होणारा आजार. ती चार वर्षांची असताना सासूबाईंच्या लक्षात आलं की तिच्या डाव्या बुटाचा फक्त चवडा झिजतोय, टाच कोरीच्या कोरी. पाय आखूड पडत होता म्हणून पोर चवड्यावर चालत होती. डाव्या हाताच्या बोटांवरही टणक उंचवटे होते. आम्ही ते खेळताना लागलं असेल म्हणून सोडून दिले होते.

अकराव्या वर्षी पाय लांब करायला इलिझारोव्ह बसवलं. नडगीभोवती कडी, हाडातून आरपार तारा. नट दिवसातून चार वेळा पाव-पाव मिलिमीटर फिरवायचा, म्हणजे दिवसाला एक मिलिमीटर. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. रात्री बाराचा पाना माझा. ती झोपेतच पाय पुढे करायची.

हे सगळं एवढ्यासाठी सांगते आहे की आमचं लक्ष कुठे होतं ते कळावं. हाडांवर. दरवर्षी एक्स-रे. हाडांच्या डॉक्टरांनी एक गोष्ट नीट समजावली होती, की यातली एखादी गाठ पुढे कॅन्सरची होऊ शकते, तिला कॉन्ड्रोसार्कोमा म्हणतात, म्हणून गाठ दुखायला लागली किंवा वाढली तर थांबू नका. ते आम्ही कायम ध्यानात ठेवलं. डोक्याबद्दल मात्र कुणी कधी बोललं नाही.

एकविसाव्या वर्षी, एका रविवारी सकाळी ती पोहे खात होती. चमचा हातातून निसटला. उजवा हात मनगटापासून उडायला लागला, ओठाचा उजवा कोपरा ओढला गेला. ती डोळ्यांनी माझ्याकडे बघत 'आई' म्हणायचा प्रयत्न करत होती आणि शब्द फुटत नव्हता. दीड-दोन मिनिटांत थांबलं. थाळीतली शेव जमिनीवर सगळीकडे पसरली होती, आणि मी मूर्खासारखी ती गोळा करत बसले, कारण हात कशात तरी गुंतवायचे होते.

सीटी स्कॅनमध्ये डाव्या बाजूला पुढे एक डाग दिसला. "आपल्याकडे तरुण वयात पहिला झटका आणि असा डाग म्हणजे बहुधा किडा," असं सांगितलं गेलं, म्हणजे मेंदूत जाऊन बसलेल्या जंताची गाठ. अल्बेंडाझोल, स्टेरॉइड आणि झटक्याची गोळी. "आधीचा काही आजार?" असं तिथे विचारलं होतं. मी उत्तर दिलं, "हाडांचा आहे, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही." आणि केसपेपरवर त्या रकान्यात 'काही नाही' असं लिहिलं गेलं.

ते वाक्य माझंच होतं. गेली दोन वर्षं मी ते मनातल्या मनात परत घेते आहे.

सात महिन्यांनी दुसरा झटका आला, मोठा. दुसऱ्या दवाखान्यात. सलाइन लावायला एक अगदी तरुण निवासी डॉक्टर शीर शोधत तिचा डावा हात चाचपत होता. बोटांवर हात फिरवून थांबला. "हे काय आहे? कधीपासून आहे?" मी आजाराचं नाव सांगितलं. सुई तशीच ट्रेमध्ये ठेवून तो बाहेर गेला, वीस मिनिटांनी सीनियरना घेऊन आला. त्याच दिवशी कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय. तो किडा नव्हता, ग्लायोमा होता. मेंदूतली गाठ.

पुढे अवंतिका एक्स्प्रेसच्या फेऱ्या आणि मुंबईत ऑपरेशन. गाठ बोलण्याच्या भागाला खेटून, म्हणून तिला जागं ठेवून ऑपरेशन केलं. आदल्या दिवशी विचारलं, "पेशंट कुठली भाषा बोलते?" आम्ही म्हणालो घरात मराठी, कॉलेजात आणि मैत्रिणींत हिंदी. त्यांनी दोन्ही भाषांत चित्रं दाखवून सराव घेतला. ऑपरेशनमध्ये एका जागी माशाचं चित्र दाखवलं, तेव्हा 'मासा' लगेच आला आणि 'मछली' येईना. तिथे सर्जननी हात थांबवला. तेवढा तुकडा आत ठेवला आहे. रिपोर्ट: अ‍ॅस्ट्रोसायटोमा (ग्लायोमाचाच एक प्रकार), आयडीएच म्यूटंट (आयडीएच या जनुकात बदल झालेला), ग्रेड २. आता ती २३ वर्षांची आहे. दर चार महिन्यांनी एमआरआय.

माझं म्हणणं एवढंच आहे. ऑलियर किंवा त्याच्याच जातीचा मफुची हा आजार असलेल्या माणसाला झटका आला, एकाचे दोन दिसू लागले, सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी होऊ लागली, तर हाडांच्या आजाराचं नाव पहिल्या वाक्यात सांगा. संबंध नाही असं म्हणू नका. संबंध आहे.

---

देवासकर · १२ जून

ताई, वाचून घशात आवंढा आला. लेकीला खूप शुभेच्छा.

घाबरत विचारते. माझ्या मुलालाही गुडघ्यांजवळ आणि खांद्याजवळ हाडाच्या गाठी आहेत, त्याच्या वडिलांनाही आहेत, आणि त्यांच्या आत्यालाही होत्या. डॉक्टर 'एक्सॉस्टोसिस' म्हणतात. आम्हीही एमआरआय करून घ्यायचा का?

---

क्षकिरण, बडोदा · १२ जून

मी रेडिओलॉजिस्ट आहे, मूळचा इंदूरचाच, रामबागेतला. देवासकर, आधी तुमचं उत्तर देतो म्हणजे तुमची झोप उडायची नाही.

तुमच्याकडे जे आहे तो वेगळा आजार. त्यात हाडातून बाहेर कोंब फुटल्यासारखी वाढ होते, आणि ती आई-वडिलांकडून मुलांत उतरते. ईएक्सटी-१ आणि ईएक्सटी-२ ही त्याची जनुकं. ऑलियरमध्ये गाठ हाडाच्या आत असते, आणि घरात दुसऱ्या कुणाला सहसा नसते. मेंदूच्या गाठीचा हा विषय ऑलियर-मफुचीचा आहे, तुमच्या मुलाचा नाही. त्याच्या हाडांची तपासणी चालू ठेवा, तेवढं पुरे. नावं कानाला सारखी वाटतात म्हणून डॉक्टरांकडूनही कधीकधी घोळ होतो. जुना एक्स-रे बघितला की फरक लगेच कळतो.

आता ताईंच्या मुद्द्यावर. ताई, तुम्ही स्वतःला लावून घेताय ते योग्य नाही. हा संबंध नेमका कशामुळे आहे ते वैद्यकालाच २०११ मध्ये कळलं.

आधीचं थोडं सांगतो. मफुची यांनी इटलीत १८८१ मध्ये आपला रुग्ण नोंदवला. ऑलियर हे फ्रान्समधले, ल्योंचे सर्जन, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी आपले रुग्ण मांडले. मफुचीमध्ये हाडातल्या गाठींबरोबर त्वचेखाली निळसर, मऊ, रक्तवाहिन्यांच्या गाठीही असतात. शंभर वर्षांहून जास्त काळ हे 'हाडांचे आजार' म्हणूनच शिकवले गेले. अशा रुग्णांत ग्लायोमा दिसल्याच्या नोंदी अधूनमधून छापून यायच्या, पण दुवा जुळत नव्हता.

२००८ मध्ये मेंदूच्या गाठींचा जनुकीय अभ्यास करताना आयडीएच-१ या जनुकात बदल सापडला. तीन वर्षांनी, २०११ मध्ये, दोन वेगवेगळ्या गटांनी ऑलियर आणि मफुचीच्या कूर्चेच्या गाठींत बघितलं, तर तिथेही आयडीएच-१ आणि क्वचित आयडीएच-२ मध्येच बदल. मेंदूत जो दोष, तोच हाडात.

हे होतं कसं? गर्भ वाढत असताना एका पेशीत हा बदल होतो. आई-वडिलांकडून आलेला नसतो. त्या पेशीपासून पुढे ज्या-ज्या पेशी तयार होतात त्यांच्यात तो उतरतो, बाकीच्यांत नाही. महेश्वरला मागावर साडी विणताना उभ्या ताण्यात एक धागा वेगळ्या रंगाचा लागला तर साडीभर त्याच पट्टीत तो रंग दिसत राहतो, तसं. म्हणून गाठी एका बाजूला जास्त. आणि तो धागा कुणाच्या हाडांपुरता असतो, कुणाच्या मेंदूच्या पेशींपर्यंत गेलेला असतो.

बदललेलं एन्झाइम डी-२-हायड्रॉक्सीग्लुटारेट नावाचं रसायन तयार करून साठवत राहतं, आणि त्यामुळे पेशीला 'आता मोठी हो, पक्की हो' हा निरोप पोचत नाही. कूर्चेची पेशी हाड न होता कूर्चाच राहते. मेंदूतली आधारपेशी अर्धवट वाढलेलीच राहते आणि विभागत राहते.

---

लष्करवाला, ग्वाल्हेर · १३ जून

नमस्कार. रात्रभर हा धागा तीनदा वाचला. माझ्या मुलाला मफुची आहे, वय १४. उजव्या हाताची बोटं, दंड, आणि पाठीवर निळसर फुगवटे. एक्स-रेमध्ये त्या फुगवट्यांत गोल खडे दिसतात.

डॉक्टर, तीन प्रश्न. एक, रक्ताची जनुकीय तपासणी केली होती, रिपोर्ट 'काही सापडलं नाही' असा आला. मग आम्ही निर्धास्त राहायचं का? दोन, त्याच्या दंडात रॉड आहे, एमआरआय चालेल का? तीन, किती दिवसांनी करायचा?

आणि एक गोष्ट लिहू की नको असं वाटत होतं. गेले महिनाभर तो टीव्ही बघताना मान तिरकी करून बसतो. विचारलं तर म्हणतो, "बाबा, असं बघितलं की एकच दिसतं." आम्ही चष्म्याच्या दुकानात नेलं होतं, नंबर निघाला नाही.

---

क्षकिरण, बडोदा · १३ जून

दादा, शेवटच्या गोष्टीचं उत्तर आधी. ती लिहिलीत ते फार बरं केलंत. उद्याच न्यूरोलॉजिस्टकडे जा. 'पुढच्या आठवड्यात बघू' नको. एकाचे दोन दिसणं आणि ते टाळायला मान तिरकी करणं म्हणजे डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी मज्जातंतू, सहावी, दबली गेलेली असू शकते. या मुलांत मेंदूतल्या ग्लायोमाइतकाच कवटीच्या तळाचा विचार करावा लागतो, कारण तिथे कूर्चेची गाठ, कॉन्ड्रोसार्कोमा, होऊ शकते. दोन्हींचे उपचार वेगळे. एमआरआयच्या फॉर्मवर 'मेंदू' एवढंच न लिहिता 'कवटीचा तळही, कॉन्ट्रास्टसह' असं लिहून घ्या, आणि मफुची हे नाव ठळक लिहा. आमच्यापुढे दिवसाला पन्नास स्कॅन असतात. नाव दिसलं की बघण्याची पद्धतच बदलते.

रक्ताची तपासणी: तिच्यावर विसंबू नका. काल साडीच्या उदाहरणात सांगितलेला तो वेगळा धागा, म्हणजे तो बदल, रक्ताच्या पेशींत नसेल तर रक्तात काहीच सापडणार नाही. दोष गाठीच्या तुकड्यात शोधावा लागतो. त्यातही एक खोच आहे. मेंदूच्या गाठींत बहुतेकदा आयडीएच-१ मधला आर१३२एच हा बदल असतो, आणि पॅथॉलॉजीत तुकडा रंगवून करतात ती चाचणी त्याच एका बदलासाठी बनवलेली आहे. कूर्चेच्या गाठींत आर१३२सी जास्त. तो त्या चाचणीत दिसत नाही. म्हणून ती चाचणी निगेटिव्ह आली तर 'आयडीएच नाही' असं धरून न चालता सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकाचं अक्षर न् अक्षर वाचन, करायला सांगा.

रॉड: टायटॅनियमचा असेल तर मेंदूच्या एमआरआयला अडचण नाही. डिस्चार्ज कार्डवर धातू लिहिलेला असतो, ते सोबत न्या. इलिझारोव्हची कडी बाहेरून लावलेली असेल तर बरीच केंद्रं यंत्रात घेतच नाहीत. ज्यांच्या मुलांचं ते ऑपरेशन ठरलंय त्यांनी कडी लावण्याआधीच एमआरआयचा विषय काढावा.

किती दिवसांनी: जगभर सर्वांनी मान्य केलेला एकच नियम नाही. काही तज्ज्ञ सुरुवातीला एक एमआरआय करून ठेवतात आणि पुढे ठरावीक वर्षांनी परत बघतात, काही फक्त लक्षणं असतील तरच करतात. माझं स्वतःचं मत पहिल्या पद्धतीकडे झुकतं, कारण या रुग्णांत ग्लायोमा तरुण वयात होतो आणि मेंदूच्या देठात किंवा एकाहून जास्त ठिकाणी असण्याचं प्रमाणही इतरांपेक्षा जास्त आहे. पण सगळ्यांना आकडा समजायला हवा. कॉन्ड्रोसार्कोमाचा धोका मोठा आहे, साधारण १०० पैकी ३० ते ४० जणांत, आणि तोही गाठी फक्त हातापायाच्या बोटांत असतील तर बराच कमी. मेंदूच्या गाठीचा धोका त्याहून खूप कमी. बहुतेक मुलांना ती कधीच होत नाही.

---

रामबागची_आजी · १४ जून

माझ्या नातीला ऑलियर आहे, आठ वर्षांची. आमच्याकडे एक नातेवाईक सांगतात की एमआरआय सारखे काढले तर त्याच्या किरणांनी गाठी वाढतात, त्यापेक्षा लेप लावा. सून ऐकायला लागली आहे. काय सांगू तिला?

---

क्षकिरण, बडोदा · १४ जून

आजी, एमआरआयमध्ये एक्स-रेसारखे किरण नसतातच. ते चुंबक आणि रेडिओ लहरींवर चालतं. किरण असतात ते एक्स-रे आणि सीटीमध्ये, म्हणून लहान मुलांचे सीटी आम्ही विचार करूनच काढतो. गाठ हाडाच्या आत आहे, लेप वरच्या कातडीला लागणार. सुनेला हा धागा वाचायला द्या, आणि हवं तर मला व्यक्तिगत निरोप पाठवायला सांगा. मी तिच्याशी फोनवर बोलेन.

---

राजेंद्रनगरची_आई, इंदूर · १४ जून

आजी, मीही लेप लावले आहेत, दोन वर्षं. तिची कातडी सोलून निघाली होती. सुनेवर रागावू नका. आई काहीही करून बघते.

डॉक्टर, ती नवीन गोळी, व्होरासिडेनिब, तिच्याबद्दल इथल्या वाचकांसाठी दोन ओळी लिहाल का? आमच्या डॉक्टरांनी पुढच्या भेटीत बोलू म्हटलं आहे.

---

क्षकिरण, बडोदा · १५ जून

औषध माझा विषय नाही, पण मोजकं सांगतो. हे औषध बदललेल्या आयडीएच एन्झाइमलाच रोखतं. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली: ग्रेड २ चा आयडीएच म्यूटंट अ‍ॅस्ट्रोसायटोमा किंवा ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, ऑपरेशन झालेलं, वय १२ आणि वर. २०२३ मध्ये छापून आलेल्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांची गाठ पुन्हा वाढेपर्यंतच्या काळाचा मध्यक २७.७ महिने होता, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचा ११.१ महिने. गाठ नाहीशी होते असं नाही. वाढ लांबते, आणि रेडिएशन-केमोही पुढे ढकलता येतात. यकृताच्या तपासण्या सतत कराव्या लागतात. ती चाचणी सर्वसाधारण ग्लायोमाच्या रुग्णांवरची आहे, हे डॉक्टरांशी बोलताना लक्षात ठेवा.

---

मासा_मछली · १६ जून

मीच ती लेक. आईने विचारून लिहिलं आहे, म्हणून मीही लिहिते.

'मछली' तीन आठवड्यांनी परत आली. भाजीवाल्याशी बोलताना कधीकधी शब्द समोर दिसतो आणि तोंडात येत नाही, तेव्हा मी बोट दाखवते. तो आता ओळखतो, थांबतो.

आईने एक गोष्ट लिहिली नाही. माझ्या आजाराबद्दल नातेवाईकांचा पहिला प्रश्न "मुलांना होईल का?" हा असतो. डॉक्टरांनी वर लिहिलंय ते मी चार जणींना वाचून दाखवलं. हा बदल माझ्यात गर्भात असताना झाला, आई-बाबांकडून आला नाही, आणि सहसा पुढे जात नाही. आईने अकरा वर्षं देवळात जाऊन कुणाच्या तरी पापाची माफी मागितली आहे. तो तरुण डॉक्टर तिला म्हणाला होता, "काकू, यात तुमचं काहीही नाही." त्या रात्री ती पहिल्यांदा पूर्ण झोपली.

माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर आता एक ओळ आहे. फोनच्या लॉक स्क्रीनवरही तीच: 'ऑलियर डिसीज आहे. आयडीएच म्यूटंट अ‍ॅस्ट्रोसायटोमा, ऑपरेशन झालेलं. झटक्यासाठी लेव्हेटिरासिटाम चालू आहे. नवीन डोकेदुखी, दोन दिसणं किंवा हाडाची वाढलेली गाठ, यातलं काहीही असेल तर एमआरआय.' इंग्रजीतही लिहिली आहे. कुणाला हवी असेल तर उतरवून घ्या.

ग्वाल्हेरचे काका, मुलाचं काय झालं? मी रोज येऊन बघते आहे.

---

लष्करवाला, ग्वाल्हेर · २ जुलै

उशीर झाला, माफ करा. १६ तारखेलाच एमआरआय झाला. मेंदूत काही नाही. कवटीच्या तळाशी गाठ आहे, सव्वादोन सेंटिमीटर. फॉर्मवर डॉक्टरांनी सांगितलेलं तसंच्या तसं लिहून घेतलं होतं. तिथले रेडिओलॉजिस्ट स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, "हे नाव लिहिलं नसतं तर मी साधा मेंदूच बघितला असता." नाकातून दुर्बीण घालून तुकडा काढला. कॉन्ड्रोसार्कोमा, ग्रेड १. जितकी निघेल तितकी ऑपरेशनने काढायची आणि उरलेल्यावर प्रोटॉन रेडिएशन, असं ठरतंय. त्यासाठी खारघरला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या ॲक्ट्रेक या केंद्रात कागद पाठवले होते, बोलावणं आलं.

मुलाला सगळं खरं सांगितलं. त्याने दोनच प्रश्न विचारले. रेडिएशनच्या वेळी तोंडावर जाळीचा मुखवटा लावतात तेव्हा श्वास घेता येतो का, आणि डोळे सरळ होतील का. पहिल्याचं उत्तर दिलं. दुसऱ्याचं सर्जननी दिलं: दाब लवकर निघाला तर शक्यता चांगली आहे, महिने लागतील.

९ तारखेला पंजाब मेलने निघतोय. फाइलवर ओळ लिहिली आहे, ऑलियरच्या जागी मफुची.

---

मासा_मछली · २ जुलै

काका, ठाण्याहून पनवेलची लोकल घ्या, खारघरला थांबते. सकाळी नऊच्या आत पोचा, नोंदणीच्या खिडकीवर नंतर गर्दी वाढते. सगळे जुने एक्स-रे सोबत न्या, अगदी लहानपणचेही, सीडी नको, फिल्म. आणि त्याला सांगा, उजव्या हातावर सलाइन नको म्हणून आधीच सांगायचं. माझ्या डाव्या हाताला पाच वेळा टोचलं होतं, गाठींमुळे शीर मिळत नाही.

मी त्या आठवड्यात तपासणीला मुंबईत आहे. ११ तारखेला दुपारी भेटू शकते. आई पोह्यांचा डबा आणि जिरावण आणेल.